इंग्रजीत एकवचन की अनेकवचन? लेबलवर नेमकं काय छापावं

रानजाई
नमस्कार मंडळी. सावंतवाडीजवळच्या एका गावात आम्ही तिघी जावा मिळून घरगुती माल करतो: काजू, फणसाचे तळलेले गरे, आंब्याची साठं, आमसुलं, कुळथाचं पीठ. आजवर लेबल मराठीतच होतं. आता पुण्यातले एक दुकानदार माल ठेवायला तयार आहेत, पण लेबल इंग्रजीतही हवं म्हणतात. मजकूर लिहायला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो.

काजूच्या पाकिटावर 'कॅश्यू' लिहायचं की 'कॅश्यूज'? साठांवर 'मेड फ्रॉम राइप मँगो' की 'मँगोज'? कुळथाच्या पिठात कुळथाशिवाय काहीच नाही, मग तिथे 'इन्ग्रेडियंट' की 'इन्ग्रेडियंट्स'? छापखानेवाले म्हणतात वजनाला के-जी-एस लिहा. दुकानदार म्हणतात नुसतं के-जी. धाकट्या जावेचं मत असं की जिथे शंका येईल तिथे एस लावून टाकावा.

माझं म्हणणं असं की वस्तू एकाहून जास्त असली की अनेकवचन, यात अवघड काय? पण मग आमरसाच्या डब्यावर 'मँगो पल्प' का असतं? त्या एका डब्यात किती आंब्यांचा रस असतो! इथे शिक्षक आहेत, परदेशी राहणारे आहेत, वकील आहेत. नीट समजावून सांगा. लेबलं हजारांत छापली जातात, चुकलं तर सगळा गठ्ठा वाया.

लोकल_प्रवासी
आमच्या गाडीत रोज कुणीतरी ओरडतं, 'एक लेडीज उतरतेय, वाट द्या!' अनेकवचन एकटीच उतरते आणि सगळे वाट देतात. तुमचे काजूही खपतील, काळजी नसावी. :)

पाटीपुस्तक
रानजाईताई, प्रश्न फार चांगला आहे. आठवी-नववीच्या सेमी इंग्रजीच्या वर्गांना शिकवतो, तेव्हा हा विषय रोजचा आहे. जरा लांब लिहितो.

तुम्ही 'मँगो पल्प'चं विचारलंत. त्याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. आपण 'बटाट्याची भाजी' म्हणतो. कढईत बटाटे आठ असले तरी 'बटाट्यांची भाजी' कुणी म्हणत नाही. आंब्याचा रस, कांद्याची भजी, शेंगदाण्याचा कूट, सगळीकडे एकवचनाचं सामान्यरूप. का? कारण तिथे बटाटा हा नग राहिलेला नाही, तो भाजीचा जिन्नस झाला आहे. 'बटाट्यांचा ढीग' म्हणताना मात्र जिभेवर अनुस्वार आपोआप येतो, कारण तिथे बटाटे सुटे सुटे दिसतात. समासातही तेच. आपण आंबापोळी म्हणतो, आंबेपोळी नाही. दगडफेक म्हणतो, मग दगड शंभर का पडेनात.

इंग्रजी तेच करतं. एक नाम दुसऱ्या नामाला चिकटून विशेषणाचं काम करायला लागलं की बहुधा एकवचनात येतं: मँगो पल्प, पोटॅटो करी, शू रॅक, टूथब्रश. ब्रश काही एकाच दाताला लावत नाहीत. 'टेन-रुपी नोट', 'फाइव्ह-इयर प्लॅन', 'ट्वेल्व्ह-इयर-ओल्ड बॉय' यांतही रुपी आणि इयर एकवचनी, कारण ते नोटेचं, योजनेचं, मुलाचं वर्णन करतात. 'ही इज ट्वेल्व्ह इयर्स ओल्ड' म्हणताना मात्र ती मोजलेली वर्षं असतात, म्हणून इयर्स.

तेव्हा पहिली गाठ ही सोडवायची: वस्तू किती आहेत हे इंग्रजी नंतर पाहतं. ती वस्तू आपण नग म्हणून बोलतोय की जिन्नस म्हणून, हे आधी.

रानजाई
सर, बटाट्याच्या भाजीने डोळे उघडले. जावेला वाचून दाखवलं.

शुद्धमती
पण सर, 'स्पोर्ट्स डे', 'सेव्हिंग्ज अकाउंट', 'सेल्स मॅनेजर', 'गुड्स ट्रेन', 'कस्टम्स ऑफिसर' यांचं काय? तिथे एस आहेच की. नियम सांगायचा तर पूर्ण सांगा, नाहीतर मुलं परीक्षेत 'स्पोर्ट डे' लिहून येतील.

पाटीपुस्तक
शुद्धमती, मुद्दा मान्य, म्हणूनच 'बहुधा' म्हणालो. तुम्ही दिलेले शब्द पाहा. 'गुड्स' म्हणजे माल, 'गुड' म्हणजे चांगला. 'कस्टम्स' म्हणजे जकात, 'कस्टम' म्हणजे रूढी. एस काढला तर अर्थच बदलतो, म्हणून तो टिकून राहिला. 'सेव्हिंग्ज'चंही तसंच. हे शब्द मी मुलांना जोडीने पाठ करायला लावतो, त्यांना दुसरा उपाय नाही.

काजूबोंड
मी गोव्याचा, घरचा काजूचाच धंदा. ताई, तुमच्या पाकिटापुरतं सांगतो. या व्यापारात 'कॅश्यू कर्नल्स' म्हणतात. कॅश्यू एकवचनी, कारण ते वर्णन, आणि कर्नल्स अनेकवचनी, कारण ते मोजायचे गर. आणि खरोखरच मोजतात. डब्ल्यू ३२० ही प्रत म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० अख्खे गर. डब्ल्यू २४० म्हणजे २२० ते २४०, म्हणजे गर मोठा आणि भाव जास्त. मालाची प्रतच मोजणीवर ठरलेली, तिथे एकवचन कसं चालेल?

अख्ख्याला 'होल्स', पाकळीला 'स्प्लिट्स', तुकड्याला 'पीसेस', सगळी अनेकवचनं. गंमत म्हणजे आपण दुकानात 'काजू पाकळी द्या', 'काजू तुकडा काय भाव?' असं एकवचनातच विचारतो. किलोभर तुकडे घेतले तरी तो 'तुकडा'च. तेव्हा मराठी मनात धरून लेबल लिहाल तर 'कॅश्यू पीस' छापून बसाल.

पाकिटावर मोठ्या अक्षरात 'कॅश्यू नट्स' किंवा 'कॅश्यूज' लिहा, दोन्ही बरोबर. बर्फीवर मात्र 'कॅश्यू बर्फी'.

आजोबा_सातारा
चर्चा वाचून बरे वाटले. एक भर घालतो. इंग्रजीत धान्यांचा कारभारही विचित्र आहे. राइस आणि व्हीट यांना अनेकवचन नाही, पण ओट्स अनेकवचनी. लेंटिल्स, बीन्स, नूडल्स अनेकवचनी, शेवया लांबट म्हणून की काय! मराठीत तांदूळ निवडले असेही म्हणतात आणि तांदूळ महागला असेही. गहू तसाच. पोहे मात्र कायम अनेकवचनी, एक पोहा कुणी खाल्लेला नाही.

वाटाण्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजीत वाटाण्याला 'पीज' असाच एकवचनी शब्द होता, पीठ किंवा डाळ म्हणतो तसा. त्याच्या शेवटचा झकारासारखा उच्चार ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटू लागले. मग एका दाण्याला काय म्हणायचे? शेवटचा ध्वनी काढून 'पी' हा शब्द लोकांनीच तयार केला. चेरीचे तसेच, नॉर्मन फ्रेंचमधल्या शब्दाचा शेवट एस समजून कापला गेला.

लोकल_प्रवासी
म्हणजे इंग्रजांनीही 'एक लेडीज' केलं होतं तर!

आजोबा_सातारा
बरोबर उलटे. तुमच्या लेडीजने अनेकवचनाला एकवचन केले, त्यांनी एकवचनाला अनेकवचन समजून नवे एकवचन घडवले. दोन्ही लोकांच्या कानांनी केले.

हिरवा_देठ
मराठीत हे आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत चाललंय. एक केळं, दोन केळी. एक अंडं, दोन अंडी. पण शहरात सर्रास 'एक केळी द्या', 'एक अंडी फोडली' ऐकू येतं. माझ्या कानाला ते टोचतं, अगदी टोचतं. आधी आपलं सांभाळा, मग इंग्रजीचे एस मोजा.

टेम्सकाठी
हिरवा_देठ, दोन्ही सांभाळता येतं की. :)

मी लंडनला रुग्णालयात काम करते. इथे राहून एक कळलं. तोच शब्द नग आणि जिन्नस असा दोन्हीकडे फिरतो आणि अर्थ बदलतो. 'आय लाइक चिकन' म्हणजे कोंबडी खायला आवडते, 'आय लाइक चिकन्स' म्हणजे अंगणात फिरणाऱ्या कोंबड्या आवडतात. 'ॲड टू अनियन्स' म्हणजे दोन कांदे घाला, 'ॲड सम अनियन' म्हणजे चिरलेला थोडा. 'यू हॅव एग ऑन युअर शर्ट' म्हणजे अंड्याचा डाग, 'ॲन एग' म्हटलंत तर शर्टावर अख्खं अंडं उभं राहतं.

केसांचंही असंच. आपण 'माझे केस गळतात' म्हणतो, अनेकवचनात, म्हणून 'माय हेअर्स आर फॉलिंग' असं तोंडात येतं. इंग्रजीत डोक्यावरचा सगळा संभार मिळून 'हेअर', एकवचनी. जेवणाच्या ताटात एक सापडला तर 'अ हेअर', कपड्यावर दोन-चार दिसले तर 'हेअर्स'. भारतातून नव्याने आलेल्या मुलींना मी हे पहिल्या आठवड्यातच सांगते. रुग्णाच्या नोंदीत 'ॲडव्हाइसेस गिव्हन', 'इक्विपमेंट्स चेक्ड' असं लिहिलं की वरची बाई पेन थांबवते.

रानजाई, तुमच्या साठांना 'मेड फ्रॉम राइप मँगोज' लिहा. तिथे आंबे अजून आंबे आहेत, पिकलेले, निवडलेले. 'मेड विथ मँगो पल्प' हेही चालेल.

शुद्धमती
'मँगोज'चं स्पेलिंग? ओ-ई-एस की ओ-एस?

टेम्सकाठी
कोशांत दोन्ही सापडतात. मी ओ-ई-एस लिहिते, भारतात तेच जास्त दिसतं. पोटॅटोज, टोमॅटोजला मात्र ओ-ई-एसच हवं, आणि फोटोज, किलोजला नुसता एस. आणि हात जोडून सांगते, एसच्या आधी वर स्वल्पविराम लटकवू नका. इथले भाजीवालेही पाटीवर तसं लिहितात आणि त्या चुकीला इथे नावच पडलंय 'ग्रोसर्स अपॉस्ट्रॉफी'.

मिरजकर_वकील
लेबलाच्या कायद्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो.

'इन्ग्रेडियंट्स' हे यादीचं शीर्षक आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलिंग नियमांत यादीला 'इन्ग्रेडियंट्स' असं किंवा तशा अर्थाचं शीर्षक द्यायला सांगितलं आहे, आणि एकाच घटकाच्या पदार्थाला अशी यादी लागत नाही अशी सूट आहे. म्हणजे कुळथाच्या पिठापुरता तुमचा प्रश्नच सुटतो. लिहायचंच असेल तर 'इन्ग्रेडियंट' एकवचनात लिहा. आमसुलांत साल आणि मीठ असे दोन घटक, तिथे 'इन्ग्रेडियंट्स'. छापण्याआधी परवान्याचं काम पाहणाऱ्याला एकदा दाखवून घ्या.

वजनाचं: के-जी-एस आणि जी-एम-एस दोन्ही चूक. के-जी आणि जी ही आंतरराष्ट्रीय एककपद्धतीतली चिन्हं आहेत, संक्षेप नव्हेत. चिन्हाला वचन नसतं. ५ असो वा ५००, चिन्ह तेच. शब्दात लिहाल तर 'फाइव्ह हंड्रेड ग्रॅम्स' असा एस येईल, पण वजनमापाच्या नियमांना चिन्ह पुरेसं आहे. छापखानेवाल्यांचं या बाबतीत ऐकू नका.

जाता जाता, कायदा एकवचन-अनेकवचनाच्या कटकटीतून कसा सुटतो ते पाहा. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं १३वं कलम सांगतं की केंद्रीय कायद्यांत, संदर्भाला बाध येत नसेल तर, एकवचनी शब्दांत अनेकवचन आणि अनेकवचनी शब्दांत एकवचन धरावं. कलमात 'पर्सन' असेल तर दहा जण मिळून गुन्हा करून 'आम्ही पर्सन नाही, पर्सन्स आहोत' म्हणू शकत नाहीत. एका ओळीत हजारो पानांवरचे एस वाचले.

लोकल_प्रवासी
रानजाईताईंच्या लेबलाखाली हेच कलम छापा, सगळे वाद मिटले!

कीबोर्ड
वकीलसाहेब, आमच्या क्षेत्रात असं कलम नाही, म्हणून आम्ही अजून भांडतोय. डेटाबेसच्या तक्त्याला 'यूजर' नाव द्यायचं की 'यूजर्स'? एक गट म्हणतो तक्त्यात खूप नोंदी असतात म्हणून अनेकवचन, दुसरा म्हणतो एकेक ओळ म्हणजे एक यूजर, म्हणून एकवचन. मी एकवचनवाला. पण संघात जे ठरलंय ते सगळीकडे एकसारखं पाळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ॲप वेगवेगळ्या भाषांत न्यायचं काम केलं की वचन ही केवढी मोठी गोष्ट आहे ते कळतं. इंग्रजीला दोन रूपं पुरतात. जपानीला एकच. अरबीला संदेशाची सहा रूपं तयार ठेवावी लागतात: शून्य, एक, दोन, थोडे, पुष्कळ आणि उरलेले. रशियन भाषेत २१ला एकासारखं रूप लागतं. हे एकदा पाहिलं की इंग्रजी फार सोपी वाटायला लागते.

आजोबा_सातारा
आपण संस्कृतात रामः रामौ रामाः घोकलेच आहे. द्विवचन जुन्या इंग्रजीच्या सर्वनामांतही होते, 'आपण दोघे' यासाठी निराळा शब्द होता. पुढे तो मावळला.

रोहिणी
माझं मत थोडं वेगळं आहे. 'फर्निचर्स', 'स्टाफ्स', 'सॉफ्टवेअर्स', 'ट्रेनिंग्ज' हे भारतात कोट्यवधी लोक बोलतात आणि एकमेकांना नीट समजतात. 'पीज'चं 'पी' झालं तेव्हा कुणी कुणाला नापास केलं नाही. 'अजेंडा' आणि 'स्टॅमिना' हे लॅटिनमधले अनेकवचनी शब्द, आज इंग्रज बिनदिक्कत एकवचनात वापरतात. 'डेटा' आपल्यासमोर त्याच वाटेने चाललाय, संशोधनपत्रिकांत 'डेटा आर' आणि बाकी सगळीकडे 'डेटा इज'. मग आपल्याच 'फर्निचर्स'वर लाल रेघ का? भाषा वापरणाऱ्याची असते.

पाटीपुस्तक
रोहिणी, तत्त्व म्हणून पटतं, वर्गात पटत नाही. माझ्यासमोर बसलेल्या मुलीला उद्या मुलाखतीला जायचंय. समोरचा माणूस 'फर्निचर्स' ऐकून तिच्याबद्दल मत बनवणार आहे आणि तिला त्याचा पत्ताही लागणार नाही. जिच्या घरात इंग्रजी आहे तिला बंड परवडतं. पहिल्या पिढीच्या मुलीला मी आधी प्रचलित रूपच देणार, मग तिला काय मोडायचं ते तिने मोडावं.

टेम्सकाठी
सरांना अनुमोदन.

रोहिणी
हे मान्य. पण मग मुलांना 'तुझं चूक' न म्हणता 'तिथे असं म्हणतात' एवढंच म्हणा. दोन्हींत फरक आहे.

पाटीपुस्तक
आहे. तसंच म्हणतो यापुढे.

सीमारेषा
क्रिकेटशिवाय धागा पुरा होत नाही. २५ जून १९८३, लॉर्ड्स, 'इंडिया वेअर ऑल आउट फॉर १८३'. 'वॉज' नाही, 'वेअर'! भारत एक, संघ एक, तरी अनेकवचन. लहानपणी समालोचन ऐकताना हे फार खटकायचं. ब्रिटिश वळणात संघ म्हणजे अकरा खेळाडू, म्हणून 'इंडिया आर', 'इंग्लंड हॅव वन'. अमेरिकन वळणात 'द टीम इज'. आपण मात्र 'भारत जिंकला', 'मुंबई जिंकली', एकवचनातच जिंकतो.

मिरजकर_वकील
सीमारेषा, अमेरिकेचं स्वतःचं नावच या वादात होतं. त्यांच्या राज्यघटनेत राजद्रोहाची व्याख्या करताना युनायटेड स्टेट्सला 'देम' म्हटलंय, आणि गुलामगिरी संपवणाऱ्या १८६५च्या तेराव्या दुरुस्तीतही 'देअर ज्युरिस्डिक्शन' आहे. म्हणजे अनेक राज्यं. आज 'द युनायटेड स्टेट्स इज'. राज्यं तितकीच सुटी, पण बोलणाऱ्यांच्या मनात देश एक झाला.

हिरवा_देठ
हे आवडलं. वाचनखूण साठवली.

नदीकाठ
मला रोज छळणारं वाक्य विचारते. 'वन ऑफ माय फ्रेंड' की 'फ्रेंड्स'? ऑफिसात निम्मे लोक असं, निम्मे तसं.

पाटीपुस्तक
'वन ऑफ माय फ्रेंड्स', शंभर टक्के. चूक होते ती मराठीमुळे. मनात 'माझा एक मित्र' असतं, त्यात मित्र एकच. मी मुलांना सांगतो, मनातलं वाक्य आधी 'माझ्या मित्रांपैकी एक' असं करा. 'पैकी' आलं की मागे समूह हवाच, आणि 'मित्रांपैकी'तला अनुस्वार हाच इंग्रजीतला एस. क्रियापद मात्र त्या एकाचं: 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज कमिंग'.

आता तुमच्या निमित्ताने आणखी एक. मराठीत 'दोन हजार माणसं' पण 'हजारो माणसं', बरोबर? इंग्रजीत 'टू थाउजंड पीपल' पण 'थाउजंड्स ऑफ पीपल'. 'दोन डझन आंबे' म्हणजे 'टू डझन मँगोज', आकडा नसेल तर 'डझन्स ऑफ मँगोज'. 'फाइव्ह लाख रुपीज' पण 'लाख्स ऑफ रुपीज'. आकडा पुढे बसला की संख्येला एस लागत नाही. 'हजारो'तला ओकार कानात असेल तर हे चुकणारच नाही.

नदीकाठ
आणि 'फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ' की 'आर'?

पाटीपुस्तक
'इज'. ती एक रक्कम झाली. मराठीत 'पाचशे रुपये पुरेसे आहेत' म्हणतो, म्हणून 'आर' तोंडात येतं. 'टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक' तसंच, ते एक अंतर.

कीबोर्ड
दीडचं काय करायचं? आमच्या ॲपमध्ये अंतर दाखवताना यावरून खरंच बैठक झाली होती.

आजोबा_सातारा
वा, हा खरा मराठी प्रश्न. आपल्याकडे सव्वा रुपया, दीड रुपया, पण अडीच रुपये. दीड तास लागला, अडीच तास लागले. म्हणजे दीडपर्यंत मराठी एकवचनच ठेवते. इंग्रजी एकाचा उंबरठा ओलांडला की लगेच देते: 'वन अँड अ हाफ अवर्स'. दशांश अपूर्णांकात तर एकाच्या आतही, 'झिरो पॉइंट फाइव्ह किलोमीटर्स'. शून्यालासुद्धा 'झिरो किलोमीटर्स', 'झिरो डिग्रीज'. मात्र शब्दात 'हाफ अ किलोमीटर', कारण तिथे एका किलोमीटरचा अर्धा भाग अभिप्रेत आहे.

कीबोर्ड
आजोबा, आम्ही शेवटी हेच ठेवलं. नेमका १ आला तरच एकवचन, बाकी सगळ्याला अनेकवचन. मराठी आवृत्तीत प्रश्नच आला नाही, 'किलोमीटर' दोन्हीकडे किलोमीटरच.

हिरवा_देठ
अवांतर: मराठीत हात, देव, दगड, मित्र असे शेवटी अ असलेले पुल्लिंगी शब्द दोन्ही वचनांत तसेच राहतात, वचन क्रियापदाने कळतं. दगड पडला, दगड पडले. त्यामुळेच की काय, इंग्रजी बोलताना एस गळतो. 'टेन स्टोन' म्हटलं तरी आपल्या मनाला काही कमी झाल्यासारखं वाटत नाही.

शुद्धमती
खूप बरोबर निरीक्षण. आणि त्याच्या उलट, आदराने 'बाबा आले' म्हणायची सवय. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं 'माय फादर आर कमिंग' लिहितात. चूक काढताना मला वाईट वाटतं, कारण त्या 'आर'मध्ये वडिलांचा मान असतो. इंग्रजीत तो मान फक्त 'यू आर'मध्ये उरलाय. 'यू' मुळात आपल्या 'तुम्ही'सारखं अनेकवचन, एकासाठी 'दाऊ' होतं. आदरापोटी सगळेच 'यू' झाले आणि 'दाऊ' मागे पडलं.

रानजाई
मंडळी, खूप आभार. सगळं वाचून मजकूर असा केला आहे. काजूला 'कॅश्यू नट्स, होल्स'. साठांवर 'मँगो साठ' आणि खाली 'मेड फ्रॉम राइप अल्फॉन्सो मँगोज'. गऱ्यांवर 'जॅकफ्रूट चिप्स'. आमसुलांना 'इन्ग्रेडियंट्स' आणि कुळथाच्या पिठाला 'हॉर्स ग्रॅम फ्लोअर', यादी नाही. वजनं के-जी आणि जी. छापखान्यात मीच जाऊन बसणार आहे.

एकच राहिलं. मागच्या बाजूला मराठीत 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' आहे. तिथे 'प्लेस' की 'प्लेसेस'? आणि 'कंटेंट' की 'कंटेंट्स'?

काजूबोंड
'स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस'. पाकीट एक, जागा एक. तो 'अ' विसरू नका, आपल्याकडच्या लेबलांवर तोच जास्त गळलेला असतो. आतल्या मालाला 'कंटेंट्स'. आणि 'होल्स' हा व्यापाऱ्यांचा शब्द, दुकानातल्या गिऱ्हाइकासाठी 'होल कॅश्यू नट्स' जास्त बरं.

मिरजकर_वकील
'अल्फॉन्सो' शब्दाबद्दल सावध. सिंधुदुर्गचा हापूस भौगोलिक मानांकनात आहे, पण ते नाव मालावर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. तुमच्या बागेची कागदपत्रं असतील तर अवघड नाही. तोवर नुसतं 'राइप मँगोज'.

रानजाई
हे माहीत नव्हतं. आत्ताच यजमानांना बागेचा सातबारा काढून ठेवायला सांगितलं.

नदीकाठ
धागा वर आलाच आहे तर विचारते. भावाच्या मुलाच्या मुंजीची पत्रिका इंग्रजीतही करायचीय. 'आहेर आणू नये' याला 'नो गिफ्ट प्लीज' की 'नो गिफ्ट्स'?

टेम्सकाठी
'नो गिफ्ट्स, प्लीज'. 'नो'नंतर काय येतं ते अशा वेळी एरवी किती असतात त्यावर ठरतं. मुंजीत आहेर पुष्कळ येतात, म्हणून गिफ्ट्स. 'ही हॅज नो वाइफ' मध्ये वाइफ, कारण असती तर एकच असती. आशीर्वादाला 'ब्लेसिंग्ज', आणि शेवटी 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम', एससकट.

नदीकाठ
आणि खाली नावं? 'द कुलकर्णी' की 'द कुलकर्णीज'?

टेम्सकाठी
सगळं घर बोलावतंय तर 'द कुलकर्णीज'. नुसता एस, आधी स्वल्पविराम नाही, आणि शेवटच्या 'आय'चं 'आय-ई' करायचं नाही. आडनावाचं स्पेलिंग कधी बदलत नाहीत.